‘नीड्स रिपेअरिंग’ला चूक ठरवू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भंवरकुआं परिसरातील एका शिकवणी वर्गाची इंग्रजीची सराव प्रश्नपत्रिका नुकतीच पाहण्यात आली. ‘द रूफ नीड्स’ या अपूर्ण वाक्यासाठी दिलेल्या चार पर्यायांत ‘रिपेअरिंग’ आणि ‘टू बी रिपेअर्ड’ हे दोन्ही होते. उत्तरतालिकेत मात्र दुसराच बरोबर धरून पहिला निवडणाऱ्यांचे गुण कापले होते. वास्तविक दोन्ही उत्तरे शुद्ध आहेत.

नीड, रिक्वायर, डिझर्व्ह आणि ब्रिटिश बोलीतील वाँट या क्रियापदांचा कर्ता जेव्हा पुढची क्रिया जिच्यावर घडायची ती वस्तूच असते, तेव्हा त्यांच्यापुढील ‘आयएनजी’ लागलेले क्रियावाचक नाम रूपाने कर्तरी दिसले तरी अर्थाने कर्मणीच असते. म्हणूनच ‘नीड्स बीइंग रिपेअर्ड’ हा त्याच प्रश्नपत्रिकेतील तिसरा पर्याय प्रमाण इंग्रजीत बसत नाही, कारण त्यात कर्मणीवर पुन्हा कर्मणी चढते. (स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत पश्चिम पेनसिल्व्हेनियाकडे ‘नीड्स रिपेअर्ड’ एवढ्यावरच भागवतात, परीक्षेत ते अर्थातच चालणार नाही.)

ही सवलत मोजक्याच क्रियापदांना आहे. ‘ही अव्हॉइडेड सीइंग हर’ म्हणजे त्याने तिला भेटणे टाळले आणि ‘ही अव्हॉइडेड बीइंग सीन’ म्हणजे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. येथे ‘बीइंग’ गाळले तर अर्थच उलटतो. एक्स्पेक्ट किंवा होप यांच्यापुढे ‘टू बी इन्व्हायटेड’ असेच लिहावे लागते.

आपल्या मुलांची नेहमीची चूक याहून वेगळी आहे. ‘छत दुरुस्त करायला हवे’ या वाक्यात कर्मणीची खूण कोठेच नसल्यामुळे ती ‘द रूफ नीड्स टू रिपेअर’ असे लिहून मोकळी होतात, म्हणजे छतच थापी घेऊन कामाला लागते! ‘छत ठीक करनी है’ या वळणामुळे हिंदी माध्यमातील मुलांचेही तेच होते. शिकवणाऱ्यांनी आपला वेळ या चुकीवर खर्च करावा; शुद्ध वाक्य लिहिणाऱ्याला दंड कशासाठी?

चुकीच्या उत्तराला गुण वजा होणाऱ्या परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी असल्या उत्तरतालिकेमुळे येत असलेले उत्तरही सोडून देतो. संबंधित वर्गाने हा प्रश्न रद्द करून कापलेले गुण परत द्यावेत, आणि आपल्या दैनिकात सराव प्रश्न छापताना हे दोन पर्याय एकाच प्रश्नात येणार नाहीत याची काळजी घ्यावी, ही विनंती.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त शिक्षक
राजेंद्रनगर, इंदूर