लिपच्या कामगारांना उशीर झाला होता: केंद्रीय सहकारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सहकारमंत्री, भारत सरकार, यांस,
सविनय नमस्कार.

मी ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला निवृत्त टूलरूम कामगार, म्हणजे कारखान्याला लागणारी हत्यारे आणि साचे घडवणारा. आमच्या कारखान्याच्या गेटला कुलूप लागले, तेव्हा चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणाले, "आपणच चालवला तर?" त्यावर दुसरा म्हणाला, "अरे, सहकार म्हणजे ऊस आणि दूध. लेथ मशीनचा सहकार कुठे असतो का?" सगळे हसले, मीही हसलो. असतो, हे मला फ्रान्समधल्या लिप या घड्याळ कारखान्याच्या गोष्टीतून फार उशिरा कळले. म्हणून हे पत्र.

फ्रान्समध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ बझाँसों नावाचे घड्याळजींचे शहर आहे. तिथे १८६७ साली लिपमान कुटुंबाने सुरू केलेला लिप हा कारखाना आपल्या घड्याळाची मशीन स्वतःच बनवत असे. घड्याळाच्या धंद्यातली मेख इथेच आहे. डायल, केस, पट्टा कुणीही जोडेल. पण बॅलन्स (ठोका धरणारे चाक), त्याची केसासारखी बारीक कमान, दातेरी चक्रे हे सुटे भाग ज्याच्या हातात, धंदा त्याच्या हातात. एबोश एस. ए. ही स्विस कंपनी घड्याळाच्या मशीनचा सांगाडा आणि त्यातली चक्रे बनवणारी. १९६७ पासून तिने हिस्सा वाढवत वाढवत लिपचा ताबा घेतला. भाग आमचे घ्या, तुम्ही फक्त जुळणी करा, असा एकूण रोख होता. म्हणजे टूलरूम गेली, मशीन शॉप गेले. माझ्यासारख्याला यापुढचे समजावून सांगायला नको.

१७ एप्रिल १९७३ रोजी कंपनीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला आणि कारभार तात्पुरत्या प्रशासकांकडे गेला. १२ जूनला कामगारांनी प्रशासकांना ऑफिसातच अडवून धरले, तेव्हा एका बॅगेत कागद सापडले. ४८० जणांना काढायचे होते. त्याच रात्री तयार घड्याळांचा साठा, हजारो नग, कारखान्यातून हलवून लपवण्यात आला. माणसे पोलिसांनी सोडवून नेली, तर घड्याळे ओलीस ठेवली! १८ जूनला सभा झाली आणि ठरले: घड्याळे बनवायची, विकायची आणि त्यातून आपला पगार आपणच काढायचा. शार्ल पियाजे हे त्यांचे पुढारी त्याच कारखान्यात काम करून वर आलेले. जुळणी विभागात बहुतेक बायकाच होत्या, आणि त्यांनी या लढ्यात पुरुष पुढाऱ्यांनाही चार गोष्टी सुनावल्या. ऑगस्टमध्ये पोलिसांनी कारखाना रिकामा केला, तर ही मंडळी एका व्यायामशाळेत काम घेऊन बसली. २९ सप्टेंबरला भर पावसात सुमारे एक लाख माणसे त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरली. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान मेसमेर यांनी जाहीर करून टाकले की लिप संपली.

संपली नव्हती. जानेवारी १९७४ मध्ये तडजोड झाली, क्लोद न्यूश्वांदेर हे नवे व्यवस्थापक आले आणि वर्ष संपेपर्यंत जवळजवळ सगळ्यांना कामावर परत घेतले गेले. मग रेनो या मोटार कंपनीने गाडीतल्या घड्याळांची ऑर्डर काढून घेतली. मंत्रिमहोदय, रेनो त्या काळी सरकारी मालकीची होती. सरकारलाच लिप जगू द्यायची नव्हती, असे न्यूश्वांदेर पुढे उघडपणे सांगत. १९७६ मध्ये कारखाना पुन्हा बुडाला.

सहकारी संस्था निघाली ती त्यानंतर, २८ नोव्हेंबर १९७७ रोजी. पालांत (कारखाना होता तो शहराचा भाग) इथले उद्योग, अशा अर्थाचे तिचे फ्रेंच नाव मुद्दाम असे बेतले की आद्याक्षरे पुन्हा 'लिप' व्हावीत. (या लोकांना विनोदबुद्धी भरपूर. बेकारीवर त्यांनी एक बैठा खेळही बनवून विकला होता.) पुढे तिच्यातून लहान लहान सहकारी संस्था निघाल्या, कुणी सूक्ष्म यांत्रिक भाग बनवले, कुणी हस्तकलेच्या वस्तू. पण १९७३ मध्ये त्यांच्याकडे चालता कारखाना, गिऱ्हाईक आणि तयार माल होता. साडेचार वर्षांनी उरल्या जुन्या मशिनी आणि हट्ट. तोवर बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजारच पालटला होता. सहकार फसतो असे म्हणणारे हे वर्षांचे अंतर कधी मोजत नाहीत.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज, तांब्या-पितळेच्या नळ्यांचा कारखाना. १९८५ मध्ये बंद पडला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या सहकारी संस्थेला तो चालवू देण्याची योजना मान्य केली. कामगारांनी तो सुरू करून दाखवला. पुढे तोही अडचणीत आला, हे मी लपवत नाही. पण ज्या आजारी उद्योग कायद्याखाली ते शक्य झाले, तो डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला आहे. त्याच्या जागी आलेल्या दिवाळखोरी संहितेत कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची थकबाकी सुरक्षित धनकोंच्या (तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या) बरोबरीने धरली जाते, पण ती कारखाना मोडीत काढताना. कारखाना कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या धनको समितीत कामगाराला मत नाही. आणि त्याच २०१६ साली जानेवारीत आपल्या मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. माझ्या मनगटावर आजही त्यांचेच चावीचे घड्याळ आहे. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, तक्रार नाही.

संहिता आपल्या खात्याची नाही, हे मला माहीत आहे. पण २०२१ मध्ये देशाला वेगळे सहकार मंत्रालय मिळाले, तेव्हा निदान मागणी कुणाच्या दारात न्यायची ते कळले. फ्रान्सने २०१४ मध्ये कायदा केला: २५० पेक्षा कमी माणसांची कंपनी विकायची असेल तर कामगारांना आधी दोन महिने कळवायचे, म्हणजे त्यांना स्वतःचा प्रस्ताव मांडता येईल. आपल्याकडे कारखाना दिवाळखोरीत जाताच कामगारांना संस्था नोंदवून प्रस्ताव देण्याइतकी मुदत कायद्याने मिळावी, आणि भांडवलासाठी सहकारी संस्थांना कर्ज देणाऱ्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाने त्यांच्यासाठी दार उघडावे. तिसरी गोष्ट रेनोवरून सुचलेली: अशा संस्थेला रेल्वेच्या आणि संरक्षण खात्याच्या सुट्या भागांच्या कामात पहिली दोन वर्षे तरी राखीव वाटा हवा. ऑर्डर नसेल तर मालक कोण याने काय फरक पडतो?

टपरीवर "आपणच चालवला तर?" म्हणणारा आमचा माणूस आता नाही. त्याच्या प्रश्नाला तेव्हा कोणत्या कार्यालयात जायचे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. आज जे गेटवर उभे आहेत, त्यांना आपल्या मंत्रालयातला निदान एक टेबल क्रमांक तरी कळवावा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, ठाणे