बाबा, तोंड वाकडं झालं की थांबायचं नाही

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय.

बाबा, शेजारच्या अण्णांचं तोंड वाकडं झालं तेव्हा तुम्ही त्यांना ओट्यावर बसवून गाल फुगवायचे व्यायाम शिकवलेत म्हणे. ‘मलाही झालं होतं, आपोआप गेलं.’ त्यांच्या सुनेनं तुमचं न ऐकता गाडी बोलावली, फार बरं केलं. अण्णांचा उजवा हात जड झाला होता आणि जीभही अडखळत होती, ही पॅरालिसिसच्या अटॅकची लक्षणं.

तुम्हाला झाला होता तो बेल्स पाल्सी. थेट मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, बारा जोड्या असतात, त्यातली सातवी चेहऱ्याची. कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती बाहेर येते. तिथे ती सुजली की पसरायला जागा नसते, आणि ती दबते. त्या दिवसांत तुम्हाला मिक्सरचा आवाज सहन होत नव्हता आणि आमटी अळणी लागते म्हणून तुम्ही आईवर चिडत होतात. आमटी बरोबर होती. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणि कानात मोठा आवाज आवरणारा एक इवलासा स्नायू, दोन्ही याच चेतेकडे. (आईची माफी अजून बाकी आहे.)

डॉक्टरांनी भुवया वर करायला सांगितल्या, तेव्हा डाव्या बाजूला एकही आठी पडली नाही आणि त्यांचा चेहरा उलट निवळला. आई घाबरली होती. पण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, ओठाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूचं रक्त अडलं तर ओठ ओघळतो, आठ्या मात्र पडतात. चेताच दबली तर कपाळासकट अख्खी बाजू जाते.

आता तुम्ही म्हणाल, मग मी आठ्या बघूनच सांगतो. नको! सातवी चेता जिथून निघते त्या मेंदूच्या देठातच रक्त अडलं, तर पॅरालिसिसच्या अटॅकमध्येही कपाळ उतरतं. आठ्यांचा अर्थ डॉक्टरांना लावू दे. आणि बेल्स पाल्सी असला तरी स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केलेल्या बऱ्या. म्हणजे दोन्हीकडून घाईच.

पाटबंधारे खात्यात तुमची हयात गेली, तर त्याच भाषेत सांगते. मेंदू वजनानं शरीराच्या 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं 15 ते 20 टक्के एकटा घेतो. त्याला चार मुख्य कालवे. दोन मानेच्या पुढून, दोन मागून मणक्यांच्या भोकांतून. मागचे दोन वर जाऊन एक होतात आणि मेंदूच्या तळाशी सगळे एका कड्यानं जोडलेले असतात. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरनं 1664 मध्ये हे कडं नीट मांडलं. त्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, ज्यानं पुढे लंडनचं सेंट पॉल्स उभारलं. एक कालवा बंद पडला तर दुसऱ्याचं पाणी फिरवता यावं अशी ही सोय. पण बऱ्याच जणांत हे कडं अपुरं असतं. आणि कड्याच्या पुढच्या चारीत रक्ताची गुठळी अडकली, तर धरण भरलेलं असूनही टेलच्या, कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्याची बोंबच.

आई, हे तुझ्यासाठी. मागच्या कालव्यावर मेंदूचं देठ जगतं, आणि बारापैकी बहुतेक चेतांची ठाणी तिथेच आहेत. तिथलं रक्त अडलं तर हातपाय धडधाकट असतानाही एकाएकी दोन-दोन दिसतं, गिळताना ठसका लागतो, तोल जातो. तुझ्या प्रत्येक चकरेला घाबरू नकोस. पण चक्कर आणि यातलं काही एकदम आलं, तर पित्त म्हणून आलं-लिंबू घेत बसू नकोस.

आपल्याकडे कोणी पडलं की आधी पाणी पाजतात. गिळण्याच्या चेता बंद असतील तर ते पाणी थेट फुप्फुसात जातं. पाणी नाही, चहा नाही, मनानं कसलीही गोळी नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीसारख्या स्कॅनशिवाय कळत नाही. माणूस शेवटचा धड कधी होता ती वेळ लक्षात ठेवा आणि 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि स्कॅन आहे असं हॉस्पिटल तालुक्याला नाही, जिल्ह्याला आहे. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांतले कितीतरी जण ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून घरी थांबलेले असतात. मग चमचा धरायला शिकवण्यात महिने जातात.

बाबा, बी.पी. नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडायची नाही. ते गोळीमुळेच नॉर्मल आहे. आईची शुगर रविवारच्या आत उपाशीपोटी तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, मागच्यासारखा अंधारात काढलेला नको.

तुमची,
सुमी