शटडाउन केलं तरी फॅन फिरतोच

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. "शटडाउन करतो तरी साला बंद राहत नाही, फॉरमॅट मारू का?" अरे थांब जरा, लगेच फॉरमॅटवर कुठे येतोस. माझ्याकडे मागचे तीन आठवडे जवळपास हेच चाललं होतं आणि मीही पेनड्राइव्ह तयार करून बसलो होतो, अगदी शेवटच्या क्षणी वाचलो. मेसेजमधे तुकडे तुकडे पाठवण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो, निवांत वाच.

माझ्या कॉम्प्युटरचं कसं व्हायचं, शटडाउन दाबलं की ते गोल चक्र फिरायचं, मग मॉनिटर काळा, आणि मी आपला झालं बंद समजून झोपायला. असे किती दिवस गेले देव जाणे. एकदा मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तर टेबलाखालून बारीक घरघर ऐकू आली. वाकून बघितलं तर कॅबिनेटचा दिवा चालू, माउसच्या पोटातला लाल लाइट चालू, कॅबिनेटला हात लावला तर कोमट. म्हणजे मी झोपलो होतो, हा गडी जागाच.

मग रोजचा नेमच झाला, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं की खटकन बंद. तसं करू नकोस रे सारखं. आपल्या लहानपणीचं ते विंडोज ९५ वालं मशीन आठवतं? "आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही" अशा अर्थाची नारिंगी अक्षरं यायची आणि मग आपण स्वतः खटका दाबायचो, आणि त्यावरून भांडायचो पण. तो खरा खटका होता, वीज तोडणारा. १९९५ मधे एटीएक्स (मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायची नवी रचना) आलं तेव्हापासून कॅबिनेटवरचं बटण म्हणजे नुसता निरोप्या, ते मदरबोर्डाला सांगतं, बोर्ड विंडोजला सांगतो, विंडोज सगळं आवरून परत बोर्डाला "हां, आता कर बंद" म्हणतं आणि मग बोर्ड पॉवर सप्लायला कळवतो (त्या जाड कनेक्टरमधे एक हिरवी वायर असते बघ, तिच्यावरून). मधे एखादा जरी अडून बसला की स्क्रीन काळा पण फॅन चालू. चार सेकंद दाबणं म्हणजे कुणालाच न विचारता वीज ओढणं, डिस्कवर काही लिहायचं चालू असेल तर ते अर्धवट राहिलं.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून बघितलं तर 'कर्नल पॉवर' नावाच्या ४१ नंबरच्या लाल एंट्र्यांची रांग लागलेली. आधी घाबरलो, वाटलं पॉवर सप्लाय गेला. पण ४१ एवढंच सांगतं की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं, का ते सांगत नाही. बटण मीच दाबत होतो, म्हणजे माझेच प्रताप माझ्यासमोर लिहून ठेवलेले.

मग सुरू झाली डिटेक्टिवगिरी. प्रिंटर काढला, बाहेरची हार्ड डिस्क काढली, वेबकॅम काढला, काही फरक नाही. स्टार्टअपमधली सगळी फालतू अ‍ॅप्स बंद केली, तरी तेच. नेटवर एकाने सल्ला दिलेला की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) जाऊन सर्व्हिसेसना, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सना, बंद व्हायला जो वेळ देतात तो कमी करा. ते मी केलं नाही आणि तूही करू नकोस. विंडोज ८ पासून तो वेळ मुळातच पाच सेकंदांचा आहे, त्यात अजून काय कापणार, उलट एखादा प्रोग्रॅम सेव्ह करत असताना त्याचा गळा दाबल्यासारखं होईल. सेफ मोडमधे, म्हणजे अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन, चालू करून शटडाउन केलं तर मात्र एकदम शहाण्यासारखं बंद! म्हणजे हार्डवेअर मेलेलं नाही, कुठलातरी ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअरमधला दुभाषी) किंवा सॉफ्टवेअर आडवं येतंय हे कळलं.

पण खरी गंमत पुढे. रिस्टार्ट केलं की कधीच अडकायचं नाही, फक्त शटडाउनला अडकायचं. मला वाटायचं रिस्टार्ट म्हणजे शटडाउन अधिक चालू करणं, मग रिस्टार्ट जमतं तर शटडाउन का नाही? उलटंच आहे रे. २०१२ मधे विंडोज ८ सोबत ते फास्ट स्टार्टअप आलं, ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर तुझे प्रोग्रॅम बंद होतात, तू लॉगआउट होतोस, पण आतला कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि ड्रायव्हर्सची स्थिती डिस्कवरच्या एका लपवलेल्या फाइलमधे ठेवून देतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठवतात. म्हणजे अर्धं शटडाउन आणि अर्धं हायबरनेट (चालू स्थिती डिस्कवर ठेवून झोपणं). रिस्टार्टमधे हा प्रकार नसतो, तिथे सगळं खरंच बंद होऊन नव्याने सुरू होतं. हे वाचलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक केलं, कारण तसं केलं की त्या वेळेपुरतं पूर्ण शटडाउन होतं. स्क्रीन काळा, एक सेकंद, दोन सेकंद, आणि सप्लायमधून टक्क आवाज, फॅन हळूहळू मंदावत थांबला. रात्री दीड वाजता मी टेबलाखाली बसून एकटाच हसत होतो.

कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवायचं पान असतं, त्यावरची फास्ट स्टार्टअपची टिक काढली की झालं. टिक फिकट दिसत असेल तर वरची ती बंद सेटिंग्ज बदलायची लिंक आधी दाब. बरेच लोक इथेच थांबतात, आणि खरं सांगू, एसएसडी असेल तर चालू व्हायला चार-दोन सेकंद जास्त लागतील एवढंच.

मी पण थांबलो असतो, पण दोन दिवसांनी स्लीपला लावलं तर पुन्हा तेच, स्क्रीन काळा आणि फॅन चालू. म्हणजे बिचाऱ्या फास्ट स्टार्टअपला मी उगाच शिव्या घातल्या, झोपायला सांगितलं की कुठलातरी ड्रायव्हर ऐकत नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमधे सिस्टम डिव्हाइसेस उघडून एकेकाची तारीख बघत बसलो, तर बोर्डावरच्या मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या बोर्डांवरची एक छोटी स्वतंत्र यंत्रणा) ड्रायव्हर सहा वर्षं जुना. काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून रिस्टोर पॉइंट करून ठेवला, बोर्डाच्या साइटवरून माझ्याच मॉडेलचा नवा ड्रायव्हर टाकला (ते फुकट ड्रायव्हर अपडेटर वगैरे डाउनलोड करू नकोस प्लीज), आणि स्लीप, शटडाउन सगळं सुरळीत. फास्ट स्टार्टअप परत चालू करून पण बघितलं, आता बंद होतं.

आता तुझं. तुझा बंद होतो आणि परत चालू होतो म्हणतोस, ते दुखणं थोडं वेगळं. आधी हे बघ की लगेच चालू होतो की काही वेळाने. वेळाने होत असेल तर कोणीतरी उठवतंय. डिव्हाइस मॅनेजरमधे माउस आणि नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधे कॉम्प्युटरला उठवायची परवानगी असते, ती काढ, आणि बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून उठवणं, किंवा माउस-कीबोर्डने चालू व्हायचं सेटिंग असेल तर तेही बंद कर. लगेच होत असेल तर मला वेगळाच संशय आहे, शटडाउन होता होता तो क्रॅश होतोय आणि विंडोज स्वतःच रिस्टार्ट मारतंय, तुला कळतही नाही. सिस्टम प्रॉपर्टीजमधे अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, त्यात ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढ आणि मग शटडाउन करून बघ. निळा स्क्रीन थांबला तर त्याचा फोटो काढून पाठव, खालचा कोडपण येऊ दे त्यात, मागच्या वेळेसारखा अर्धा अंगठा नको.

तुझाच,
टेबलाखालचा मी