स्वयंपाकघरातील सिंक तुंबण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सिंकचे पाणी सावकाश उतरत असल्यास प्लंबरला बोलावण्यापूर्वी अडथळा कोठे आहे ते पाहून घ्यावे. तक्रार एकाच घरापुरती असेल, तर गाळ बहुधा सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (पाइपला जोडलेल्या बाटलीच्या आकाराच्या भागात) साठलेला असतो. खाली बादली ठेवून ट्रॅपची तळाची वाटी हाताने फिरवून काढावी, ती घासून स्वच्छ करावी आणि वॉशर नीट बसवूनच पुन्हा आवळावी. मात्र वरच्या मजल्यावर पाणी सोडताच खालच्या सिंकमध्ये ते वर येत असेल, तर सामाईक उभा पाइप तुंबला आहे असे समजून कार्यालयास लगेच कळवावे.

रविवारी घरोघरी तांबड्या-पांढऱ्या रश्शाची भांडी घासली जातात आणि सोमवारी तक्रारी येतात, हा योगायोग नव्हे. मटणाची चरबी गार पाइपमध्ये थिजते, तिच्यावर खोबऱ्या-तिळाच्या वाटणाचा चोथा चिकटतो आणि वाट अरुंद होत जाते. थंडीत हे अधिक लवकर घडते. म्हणून तेलकट भांडी आधी कागदाने पुसून घ्यावीत व सिंकवरील जाळी काढू नये.

पीव्हीसी पाइप उष्णतेने नरम पडत असल्याने त्यात उकळते पाणी ओतू नये. कॉस्टिक सोडा असलेली पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नये. यांपैकी काही आधीच ओतले असल्यास ट्रॅप स्वतः न उघडता प्लंबरला तसे स्पष्ट सांगावे.

– सचिव