हाडाचा चुरा आणि टाचण्यांचं झुडूप

केप टाउन,
१२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

"तिकडे बागेत काय लावलंस?" असं विचारलंयस. लावलंय रे, पण आधी एकाचा जीव घेऊन.

आमच्या गल्लीत कुंपणाकुंपणाला पिनकुशनची झुडपं आहेत. मूळची इथल्याच डोंगरातली, आपल्या पाचगणीच्या सिल्व्हर ओकच्या घराण्यातली. छातीएवढं झुडूप आणि त्यावर मुठीएवढी केशरी फुलं, शिंप्याच्या गादीत टाचण्या खचाखच खोचाव्यात तशी. प्रत्येक टाचणी आधी आकड्यासारखी वाकलेली असते, टोक कळीत अडकलेलं. मग कधीतरी ते सुटतं नि टाचणी ताठ होते, डोक्यावर पराग घेऊनच. हे बघण्यात माझा चहा गार होतो आणि घरून बोलणी बसतात.

पहिलं रोप आणलं तेव्हा हात आपलेच, गावचे. खड्डा, दोन पाट्या शेणखत, वर हाडाचा चुरा, रोज संध्याकाळी पाणी. पानं कडेनं करपायला लागली तशी मी शहाण्यानं आणखी चुरा घातला! दीड महिन्यात काटकी उरली.

मग किर्स्टनबॉशच्या बागेत एका माळ्याला गाठलं. तो हसायलाच लागला. इथली माती वाळूची, आंबट, अगदी निकस. तिच्यात जेमतेम असलेला फॉस्फरस मिळवायला या झाडांना बारीक मुळांचे दाट झुबके फुटतात. आणि हाडाचा चुरा म्हणजे फॉस्फरसचं पोतंच. उपाशी पाहुण्याला जिलबीचा आग्रह करकरून मारलं म्हण ना.

दुसरं रोप वाळूच्या उंचवट्यावर लावलं. खत नाही, खुरपं नाही. मुळं दुखावतात म्हणून तण कात्रीनं कापतो. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा बुडाशी पाणी दिलं, आता तेही बंद. इथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा आणि वाऱ्याचा. २०१८च्या टंचाईत माणशी दिवसाला ५० लिटर पाणी होतं, आंघोळीचं पाणी आम्ही संडासात ओतायचो. हिरवळी जळून गेल्या, शेजारच्यांचं पिनकुशन मात्र फुललं.

आता तुझी फर्माईश, "बी पाठव." नाही पाठवणार. एक तर बी इथे मुंग्या पळवतात. वरचा मऊ भाग खाऊन बी वारुळातच टाकतात, आणि डोंगराला वणवा लागून गेला की ते उगवतं. तू कुठे वणवा लावत बसतोस! दुसरं म्हणजे तुझं फलटणचं काळं, चुनखडीचं रान. उन्हाची काहिली हे झुडूप सोसेल, पण उबेत परतीचा पाऊस साचला की मूळ कुजलंच. दुष्काळ याला चालतो रे, फक्त आपल्याकडचा नाही.

लिहितोय तोवर शुगरबर्ड आला बघ. वीतभराहून लांब शेपूट वाऱ्यावर हेलकावतंय आणि कपाळ परागानं पिवळं झालंय. फोटो काढायला उठलो की उडेल, म्हणून बसूनच आहे.

काकूंना नमस्कार. त्यांना हाडाच्या चुऱ्याचं सांगू नकोस, त्यांनीच शिकवलं होतं.

तुझा,
सुध्या