फोटोतली चोवीस तोंडं कुणाची? वाईतल्या माजी विद्यार्थ्यांना आवाहन

मंडळी नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत शाळेची जुनी सामानाची खोली साफ करायला आम्ही माजी विद्यार्थी मंडळाचे सात-आठ जण गेलो होतो. मोडके बाक, गंजलेल्या लेझमी, दोरीने बांधलेले नकाशे, एक पृथ्वीचा गोल (आफ्रिकेचा अर्धा भाग कसरीने खाल्लेला), आणि या सगळ्याच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक फ्रेम. पुसली तर आत ग्रुप फोटो. पुढे पाटीवर खडूने लिहिलंय, इयत्ता ९ वी ब, १९७१-७२. खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे बाकांवर उभी पोरं, मुली एका कडेला सगळ्या दोन वेण्या आणि रिबिनी. मोजली तर त्रेचाळीस मुलं. दोन महिने झाले, त्या बॅचच्या जेवढ्या लोकांचा पत्ता लागला तेवढ्यांना विचारून झालं आणि आजवर नावं मिळालीत एकोणीस. चोवीस तोंडं अजून नुसती तोंडंच आहेत.

हे आवाहन मुख्यतः त्यासाठी आहे. पैशाचं पण सांगणार आहे, ते खाली, पण पैसे काय आज नाही उद्या जमतील, नावं सांगणारी माणसं मात्र आता सत्तरीच्या घरात आहेत आणि दर वर्षी कमी होतायत हे उघड बोलायला काय हरकत आहे.

आता गंमत बघा, त्या चोवीसमधल्या नऊ मुली आहेत. वर्गात मुली होत्याच अकरा, त्यातल्या दोघींचीच नावं कळली कारण दोघी गावातच नांदतायत. मुलांचं सोपं असतं हो, आडनाव तेच, घर तेच, नाहीतर पुण्याला कोथरूडला कुणीतरी चुलतभाऊ सापडतोच. मुलींचं लग्न झालं की आडनाव जातं आणि त्या काळात बऱ्याच जणींचं पहिलं नावही सासरी बदलायचे, तांदळात अंगठीने नाव लिहिलं की झालं, माहेरची सुमन तिथून पुढे कायमची वैशाली. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सुमन आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर वैशाली आहे, आणि दोन्ही एकच हे फक्त तिला आणि तिच्या भावांना माहिती. म्हणून आमची खास विनंती घरातल्या तरुण पोरापोरींना आहे. तुमची आई, आजी, आत्या, मावशी वाईची माहेरवाशीण असेल आणि साधारण १९६० ते ८५ च्या दरम्यान आपल्या शाळेत असेल तर तिला हा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवा आणि गप्प बसून ती काय बोलते ते ऐका, जमलं तर रेकॉर्ड करा. एका आजींनी बोट ठेवून सांगितलं की ही रिबीन माझी नाही, हिची आहे, फोटोपुरती मागून घेतली होती, आणि रिबिनीवरून मैत्रिणीचं नाव आठवलं. असं असतं ते.

उरलेली पंधरा मुलगे. त्यांचं प्रकरण वेगळं आहे. फोटो काढला त्याच्या पुढच्याच वर्षी ७२ चा दुष्काळ आला. आपल्याकडे खटाव-माणइतके हाल नव्हते, कृष्णामाई होती, पण पूर्वेकडच्या वाड्यावस्त्यांवरून जी पोरं चालत नाहीतर सायकलवर डबलसीट शाळेत यायची त्यांच्या घरी विहिरी आटल्या होत्या. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे लाल शाईने एवढंच आहे, सतत गैरहजर, नाव कमी केले. कुठे गेली तर दुष्काळी कामावर, खडी फोडायला, बंडिंगच्या म्हणजे शेताला बांध घालायच्या कामाला, सुकडीच्या (दुष्काळात वाटायचे तो कोरडा पौष्टिक खाऊ) रांगेला. लाल मिलोच्या (तेव्हा बाहेरून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीची चव ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. ही मंडळी मेळाव्याला कधीच येत नाहीत. एकाला आम्ही घरी जाऊन भेटलो तर म्हणाले, मी कुठं तुमच्या शाळेचा, मी तर मॅट्रिकपण झालो नाही, आणि फोटो पुढे केला तर चष्मा न लावता दुसऱ्या रांगेतल्या सहा जणांची नावं ओळीने सांगितली, वडिलांच्या नावासकट! वरच्या एकोणीसमधली सहा एकट्या त्यांची आहेत. तेव्हा स्पष्ट लिहितो, पास-नापास, मध्येच सोडली, एक वर्ष बसलात, काही फरक पडत नाही, रजिस्टरला तुमचा नंबर आहे म्हणजे तुम्ही आमच्या मंडळाचे.

फोटोखेरीज त्या खोलीत काय काय निघालं तेही सांगतो, कारण तसलंच सामान तुमच्या माळ्यावर असणार. हस्तलिखित अंक निघाले अकरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे दर वर्षी गॅदरिंगच्या आधी व्हायचे, ड्रॉइंगच्या जाड कागदावर टाकाने लिहायचे, एकच प्रत, वर्गात ज्याचं अक्षर मोत्यासारखं त्याला धरून बसवायचे आणि बाकीचे दौत धरायला. ६७-६८ च्या अंकात अर्ध्याहून जास्त लेख भूकंपावर आहेत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा धक्का बसला ना, त्यानंतर लोक कितीतरी रात्री अंगणात झोपले, शाळेचे वर्गसुद्धा मैदानात भरले, आणि सातवीतल्या एका मुलाने लिहिलंय की भूकंप वाईट असतो पण मैदानात गणिताचा फळा नसतो. सरांनी त्याखाली शेरा मारलाय, फळा आणला आहे, सोमवारपासून.

फिशपाँडच्या चिठ्ठ्या पण सापडल्या, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात. आत्ताच्या पोरांना फिशपाँड म्हणजे माशाचं तळं वाटतं. गॅदरिंगच्या दिवशी डब्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि स्टेजवरून एक जण वाचणार, प्रत्येकाला एक टोला. एक नमुना देतो, ज्याच्यावर होता त्यांना विचारूनच देतोय. त्यांच्या घरी हळदीची वखार, पोरगा रोज पिवळी बोटं घेऊन वर्गात यायचा. चिठ्ठी अशी: "वर्ग प्रतिनिधी, सात वर्षं झाली पिवळा पडून, पिकणार कधी?" काही चिठ्ठ्या मात्र आम्ही बाजूला काढल्यात, एखाद्या मुलीचं नाव कुणाशी जोडलेलं वगैरे, तेव्हा सगळा हॉल हसला असेल पण त्या मुलीची दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद झाली असंही घडलंय हे आम्हाला माहीत आहे. त्या दाखवणार नाही, फाडणारही नाही, बंद पाकिटात राहतील.

बाकी मग सहलीचे हिशोब (एसटीचं भाडं, भेळ, एका मुलाला उलटी झाली म्हणून लिंबं आठ आणे), स्नेहभोजनाला कुणी किती वाट्या तांदूळ आणले त्याची यादी, कृष्णाबाईच्या म्हणजे कृष्णा नदीच्या उत्सवात अर्धी सुट्टी मिळावी म्हणून वर्गाने सह्या करून दिलेला अर्ज. उत्सव ज्या घाटावर सुरू असेल त्या आळीतल्या पोरांची त्या आठवड्यात कॉलर ताठ, प्रसादाच्या पंगतीला कुणाला घ्यायचं ते त्यांच्या हातात, गणपती आळीवाले आणि गंगापुरीवाले यांचं यावरून काय काय व्हायचं ते इथे लिहीत नाही, दोन्हीकडचे आज मंडळात आहेत.

मी स्वतः ८० च्या बॅचचा. दहावीत गेलो आणि जुलैत स्कायलॅब, ती अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा, डोक्यावर पडणार म्हणून शाळेत निम्मी हजेरी, आणि बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली असताना १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण, अख्खा बाजार बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, आम्ही घरात दारं लावून बसलेलो. निकाल त्या वेळी पेपरात यायचा, नुसते नंबर. स्टँडवर पहिल्या गाडीने गठ्ठा उतरला की पेपरवाल्याभोवती झुंबड, ज्याचा नंबर नाही तो पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचतोय. तो पेपर कुणी जपून ठेवला असेल का? ७५ चा असेल तर फारच उत्तम, त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवीन दहावी अशा दोन्ही बॅचेस एकदम बाहेर पडल्या आणि कॉलेजला जागेची मारामारी झाली होती, त्यावेळचं काहीही चालेल.

आता मदत नेमकी कशी. फोटो, प्रगतीपुस्तकं, बक्षिसाची पुस्तकं, गॅदरिंगची पत्रिका, वही, जे असेल ते. देऊन टाका असं म्हणत नाही, आणून द्या, स्कॅन करतो आणि त्याच दिवशी परत. बाहेरगावी असाल तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, वरून सरळ फोटो काढून ग्रुपवर पाठवा. अल्बमला चिकटलेला फोटो कृपा करून ओढून काढू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, एका बॅचने हौसेने केलं आणि दोन फोटो कायमचे गेले. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढे उमटतं.

आणि पैसे. अंदाजे १ लाख २० हजार लागतायत. खोलीचं छत गळतं त्याचं वॉटरप्रूफिंग ४५ हजार, दोन लोखंडी कपाटं ३२ हजार, मोठ्या आकाराचा स्कॅनर २८ हजार, आणि खोकी, सुती कापड, फ्रेमा वगैरे १५ हजार. आजवर ३८,५०० जमलेत. छत आधी, कारण मागच्या पावसाळ्यात रजिस्टरांच्या एका गठ्ठ्याला वाळवी लागली, वरची तीन रजिस्टरं हातात घेतली तर मातीच झाली. ज्या गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे खंडच्या खंड काढले त्या गावात आपल्या पोरांची नावं वाळवीने खावीत, बरं दिसत नाही. कुणी शंभर दिले तरी पावती मिळेल, कुणी सिमेंट किंवा गवंड्याची मजुरी दिली तरी तितकंच मोलाचं. आयकराची सवलत मिळणार नाही, आपलं मंडळ तेवढं मोठं नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर कुणी भांडायला नको. देणगीदारांची संगमरवरी पाटी लागणार नाही. हिशोब दर महिन्याला शाळेच्या बोर्डावर.

एक महत्त्वाचं, रजिस्टरची पानं आम्ही कुठेही टाकणार नाही, त्यात जात, जन्मतारीख, बापाचा धंदा सगळं आहे. ज्याचं पान त्याला किंवा घरच्यांना बघायला मिळेल, बस.

खोली दर रविवारी दहा ते एक उघडी असते, मागच्या गेटने या, चहा आहे, चष्मा आणा. आणि येणार नसाल तर निदान आत्ता हे सांगा, मागच्या रांगेत डावीकडून चौथा, टोपी तिरकी, शर्टाचं वरचं बटण नाही, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकलाय आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना हा एकटा मुलींच्या बाजूला बघतोय. कोण आहे हा?