चष्म्याआधी फलक सुधारा

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चष्म्यांविषयी हल्ली बरेच छापून येते. पण समोरच्या वस्तूवरच माहिती उमटवणारे हे तंत्र, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. मुलांकडे बडोद्याला राहायला आलेल्या अनेक आजी-आजोबांना गुजराती बोललेले कळते, लिपी वाचता येत नाही. गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा फलकावर धरला की गुजरातीच्या जागी मराठी दिसते. मात्र ही अक्षरे मूळ ओळीच्या मापातच बसवली जातात, म्हणून अधू नजरेला ती पुरत नाहीत. तिथे मजकूर वाचून घेण्यापेक्षा ऐकावा. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये टॉकबॅकचा, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सोयीचा, शॉर्टकट लावून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद दाबल्यावर फोन बोलू लागतो. रस्त्यावर इअरफोन एकाच कानात घालावा. दुसरा कान वाहनांसाठी मोकळा हवा.

सर्वाधिक घोटाळा फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाकडून औषधाचे पाकीट वाचून घेताना होतो. चंदेरी पत्र्यावर फ्लॅश मारला की अक्षरेच पुसली जातात. फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात, पाकीट थोडे तिरपे करून, साधारण एक वीत अंतरावरून फोटो घ्यावा. केमिस्टने कापून दिलेल्या तुकड्यावर नावाचा किंवा मुदतीच्या तारखेचा भाग बहुधा राहतच नाही, आणि धोका तिथेच आहे: न दिसलेले अक्षर हे सहायक अंदाजाने भरतात, तेही ठाम सुरात. म्हणून ‘हे कोणते औषध?’ असे विचारू नये. ‘छापलेले जसेच्या तसे वाच, न दिसणारे सोडून दे’ असे सांगावे, आणि तरीही खात्री केमिस्टकडूनच करावी. डोस तर फोनला कधीच विचारू नये. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२० सालचे ‘मनी’ ॲप चांगले आहे. ते नोटेची किंमत बोलून सांगते, खरी-खोटी मात्र ओळखत नाही.

रुग्णालयात फोनच्या पडद्यावर वाट दाखवणारे बाण भरकटतात, कारण कॅमेऱ्याला जागा ओळखायला भिंतीवर काहीतरी खुणा लागतात. कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि चकचकीत फरशी त्याला काहीच देत नाहीत. आत जीपीएसचाही भरवसा नसतो. यावर इलाज स्वस्त आहे. महापालिकेने आणि रुग्णालयांनी प्रत्येक वळणावर, सगळीकडे एकाच उंचीवर, फिक्या पाटीवर गडद आणि ठसठशीत अक्षरांत गुजरातीखाली देवनागरी फलक लावावेत. त्यावर काच किंवा चमकते लॅमिनेशन नसावे आणि दिव्याचा झोत वरून यावा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनाही असा फलक वाचता येईल.

– एक दृष्टी-साहाय्य प्रशिक्षक, दांडिया बाजार, बडोदा